मुलांना कोण बघणार? : एका आईच्या उपचाराचं प्रकरण

सुरुवात आमच्या व्यसनमुक्ती विभागात झालीच नाही, लहान मुलांच्या ओपीडीत झाली. १४ महिन्यांच्या बाळाला ताप होता, डॉक्टरांनी औषधाचा पहिला डोस तिथेच द्यायला सांगितला, आईने बाटलीत ड्रॉपर बुडवला आणि तो काही केल्या खुणेपर्यंत नीट भरेना, एकदा कमी, एकदा जास्त, कारण हात थरथरत होता. बाजूला ९ वर्षांची मुलगी उभी होती. तिने एक शब्द न बोलता आईच्या हातातून ड्रॉपर घेतला, डोळ्यांसमोर सरळ धरून खुणेपर्यंत भरला आणि भावाच्या गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं करत सोडला, म्हणजे ठसका लागू नये अशा बेताने. मग टोपण लावून बाटली पिशवीत टाकली.

मुलांच्या डॉक्टरांनी मला संध्याकाळी फोन केला. म्हणाल्या, आईचा हात थरथरला ते सोड गं, हात कशानेही थरथरतो, पण त्या मुलीला सराव होता.

हे वाक्य माझ्या डोक्यातून पुढे कधी गेलं नाही, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आणि खरं तर ही एकीची गोष्ट नाहीये, व्यसनमुक्तीच्या कामात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या आयांचे तुकडे जोडून केलेलं एक प्रकरण आहे. नावं कुणालाच दिलेली नाहीत. ती, मोठी आणि धाकटा, एवढं पुरे.

तिचं वय ३४. नवरा कामासाठी महिन्यातले २०-२२ दिवस बाहेर. धाकट्याच्या बाळंतपणानंतर झोप गेली, म्हणजे बाळ झोपलं तरी ही जागी, छातीत धडधड, उगाच रडू, आणि हे कुणाला सांगायचं तर उत्तर ठरलेलं, अगं होतं असं, दुसरं बाळ आहे तुझं, पहिल्यांदा थोडीच आहे. घरात बाटली होती, नवऱ्याच्या मित्रांसाठी आणलेली. एक पेग घेतला की झोप लागते हे कळलं. पुढचं बहुतेकांना माहीत असतंच, एकाचे दोन, रात्रीचं संध्याकाळी, संध्याकाळचं दुपारी. वर्षभरात ती रोज अर्ध्या बाटलीपर्यंत पोचली, आणि सकाळी हात थांबावेत म्हणून उतारा, दोन घोट, दात घासायच्या आधी. लोकांना वाटतं एवढ्यात कसं होईल, नवरा तर १५ वर्षं घेतोय आणि त्याला काही नाही. पण बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते, आणि पहिल्या पेगपासून व्यसनापर्यंतचा रस्ता बायका बऱ्याचदा पुरुषांपेक्षा लवकर कापतात. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही, पण हे तिला पटवायला मला चार भेटी लागल्या.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे येण्याआधी तिने स्वतःहून चार वेळा सुटायचा प्रयत्न केला होता. चार वेळा! आणि आमच्या इन्टेक फॉर्मवर, म्हणजे पेशंट पहिल्यांदा आला की भरतो त्या कागदावर, 'उपचाराची प्रेरणा' या रकान्यात आमच्याच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, कमी.

पहिल्यांदा तिने एका केंद्राला फोन केला, तिथे फक्त पुरुष घेतात. दुसऱ्या ठिकाणी बायकांसाठी सोय होती पण तीन महिने आत राहायचं, मुलांना भेट महिन्यातून एकदा, आणि बाळ अंगावर पिणारं. तिसऱ्या ठिकाणी ओपीडी होती, सकाळी ९ ते १२, म्हणजे मोठीला शाळेत सोडायची आणि धाकट्याच्या आंघोळीची वेळ, तरी दोनदा बाळाला कडेवर घेऊन गेली, दीड तास बसली, बाळ रडायला लागलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी मुलाला आणू नका, इथलं वातावरण बरं नसतं. ते खरंही होतं, नव्हतं असं नाही. पण मग आणू नका म्हणजे ठेवू कुठे, हे कुणी बोललं नाही.

चौथ्यांदा तिने कुणालाच विचारलं नाही. शनिवारी रात्री उरलेली बाटली बेसिनमध्ये ओतली. रविवारी दिवसभर घाम, उलट्या, हात एवढे हलत होते की मोठीची वेणी घालता येईना. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात फिट येऊन पडली. मोठीने आधी गॅस बंद केला, मग धाकट्याला पाळण्यात टाकला आणि मग शेजारच्या काकूंना बोलावलं. हा क्रम तिने मला नंतर स्वतः सांगितला, अगदी बरोबर केलं ना, असं विचारत.

इमर्जन्सीत तिला विचारलं, घरात कुणाला फिट्सचा त्रास आहे का, डोक्याला मार लागला होता का, ताप होता का. दारूचं कुणी विचारलं नाही, कडेवर बाळ असलेल्या बाईला ते विचारायचं सुचत नाही. तिनेही सांगितलं नाही. फिटच्या गोळ्या लिहून घरी पाठवलं, आणि घरी आल्यावर तिने काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको, कारण दारूने त्रास थांबतो हे तिला तोपर्यंत पक्कं कळलं होतं. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला की शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डीटी होतो, म्हणजे भास, भ्रम, ताप, बीपी वर, वेळेत उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं. 'मनावर घेतलं तर आजच सोडशील' म्हणणाऱ्यांना हे माहीतच नसतं, आणि मुलांसाठी सोड म्हटलं की आई बिचारी खरंच सोडते, एकटी, घरात, मुलांसमोर.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत मी फॉर्मच्या क्रमाने गेले. किती घेता, कधीपासून, सकाळी लागते का, आणि मग, मुलांसमोर घेता का? तिथे ती बंद झाली. पुढच्या २० मिनिटांत मला फक्त हो, नाही, माहीत नाही एवढंच मिळालं. नंतर कळलं की तिला वाटत होतं, मी जे लिहितेय ते कुठेतरी जातं आणि मग कुणीतरी येऊन मुलं घेऊन जातं. हे तिच्या मनाचे खेळ नव्हते. कित्येक ठिकाणी आई-बापाच्या व्यसनावरून मुलांचा ताबा खरंच जातो, कोर्टात दारूचा विषय काढला जातो, सासर-माहेर दोन्हीकडून ते हत्यार म्हणून वापरलं जातं. पुरुष दारू सोडायला आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. बाई आली की पहिला प्रश्न, ही आई म्हणायच्या लायकीची आहे का. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ड्रग्ज अहवालात आकडा आहे, अमली पदार्थांच्या आजारात जगभरात ११ पैकी एकालाच उपचार मिळतो, आणि बायकांचं वेगळं काढलं तर १८ पैकी एकीला, पुरुषांत मात्र ७ पैकी एकाला. यात दारू धरलेली नाही, पण दार तेच आणि उंबरठाही तोच.

दुसऱ्या भेटीत मी फाइल तिच्यासमोर ठेवली आणि लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. काय कुठे जातं, काय माझ्याजवळच राहतं, आणि मुलांच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मला गप्प बसता येणार नाही हेही, आधीच, तोंडावर. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, मॅडम एवढं स्पष्ट पहिल्यांदाच कुणी सांगितलं. मग बोलली.

आधी फिट येऊन गेलेली, त्यामुळे घरी डिटॉक्स, म्हणजे औषधांच्या आधाराने दारू थांबवणं, याचा प्रश्नच नव्हता, ॲडमिशनच लागणार होती, पाच-सात दिवसांची. मी मंगळवारची तारीख दिली. ती हो म्हणाली. मंगळवारी आली नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पेशंट आली नाही, नॉन-कॉम्प्लायंट', म्हणजे सांगितलेलं न पाळणारी. हा शब्द आम्ही फार सहज लिहितो.

११ दिवसांनी मुलांच्या डॉक्टरांकडे धाकट्याच्या लशीसाठी आली तेव्हा मी तिथे जाऊन गाठलं, आणि खरं काय ते मोठीने सांगितलं. आलो होतो की आम्ही. बॅग घेऊन, तिघंही. गेटवरच्या काकांनी सांगितलं वॉर्डात लहान मुलं चालत नाहीत, मग आम्ही थोडा वेळ बाकावर बसलो आणि मग परत गेलो.

म्हणजे बाई दारापर्यंत आली होती आणि मी तिला नॉन-कॉम्प्लायंट लिहून मोकळी झाले होते. तिने हो म्हटलं तेव्हा मी विचारायला हवं होतं, मंगळवारी मुलं कुणाजवळ? एवढा एकच प्रश्न. तो फॉर्मवर नव्हता म्हणून मी विचारला नाही, आणि तिने सांगितलं नाही कारण तिला वाटलं, मुलांचं कारण काढलं तर म्हणतील बहाणे करतेय.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी मुलं, मग औषधं. नवऱ्याला फोन लावला, तिच्या परवानगीने, ती समोर बसलेली असताना. तो चिडलेला होता, घाबरलेलाही, आणि त्याने दोन गोष्टी विचारल्या ज्या जवळपास प्रत्येक नवरा विचारतो. एक, तिला न कळता जेवणात घालता येईल अशी गोळी नाही का? नाही. म्हणजे डायसल्फिरम नावाची गोळी असते, ती घेऊन वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी खाली, आणि माणसाला माहीतच नसेल की पोटात ही गोळी आहे तर तो नेहमीसारखा पिणार आणि जीवही जाऊ शकतो. न सांगता ती कधीच द्यायची नाही. दुसरं, ॲडमिशनपर्यंतच्या आठवड्यात मी तिला म्हटलं होतं की एकदम बंद करू नका, तर तो ओरडलाच, तुम्ही तिला प्यायला सांगताय? हो, एका अर्थाने सांगत होते. फिट येऊन गेलेल्या बाईने सोयीशिवाय बंद करणं हे पिण्यापेक्षा जास्त धोक्याचं होतं. त्याला फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी परत समजावलं, माझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं, चालायचंच.

त्या आठवड्यासाठी तीनच गोष्टी ठरवल्या. घेतल्यावर बाळाला शेजारी घेऊन झोपायचं नाही, पाळणा वेगळा, कारण दारूच्या झोपेत कूस बदलली तरी बाळ गुदमरू शकतं. घेतल्यावर अंगावर पाजायचं नाही, कारण रक्तात जेवढी असते साधारण तेवढीच दूधात उतरते आणि पिळून काढून टाकल्याने लवकर जात नाही, वेळच जावा लागतो, एका पेगला सुमारे दोन तास. आणि मोठीच्या हातात एक नंबर, शेजारच्या काकूंचा, भिंतीवर लिहिलेला, की काही झालं तर हा लावायचा आणि बस, बाकी तुझं काम नाही.

नवऱ्याने सात दिवसांची रजा काढली. 'कुटुंबातील वैद्यकीय कारण' एवढंच पत्रात लिहिलं, त्याला बाकी काही सांगावं लागू नये म्हणून. आणि व्यसनमुक्तीच्या वॉर्डाऐवजी बायकांच्या जनरल वॉर्डात बेड मिळवला, तिथे दुपारी बाळाला आणता येत होतं. यासाठी मुलांच्या डॉक्टर स्वतः दोन ठिकाणी जाऊन बोलल्या. व्यवस्था अशी कुठे लिहून ठेवलेली नसते, कुणीतरी ओळखीवर आणि चिकाटीवर उभी करतं, आणि ते माणूस बदललं की ती पडते. याचा मला जास्त त्रास होतो.

डिटॉक्स तसा पुस्तकातल्यासारखा झाला, विथड्रॉवलचा, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचा, स्कोअर दर काही तासांनी, त्यावर गोळ्यांचा डोस, थायामिनचं, म्हणजे व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, कारण दारूने बी-वन आटलेलं असतं आणि त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तिसऱ्या रात्री तिला चादरीवर काहीतरी सरपटताना दिसलं, सिस्टरने दिवा लावला, बोलत बसली, सकाळपर्यंत निवळलं.

पण एक गोष्ट पुस्तकात नव्हती. गोळ्यांमुळे बाळाला पाजणं बंद केलं होतं, १४ महिन्यांचं बाळ वरचं खातं त्यामुळे त्याची काळजी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिची छाती दगडासारखी भरली, ताप आला, आणि आमची टीम ताप म्हणजे डीटी सुरू झाला का या काळजीत. वॉर्डातल्या आयाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अहो हिला दूध आलंय. थोडं पिळून काढलं, थंड पट्ट्या ठेवल्या, ताप उतरला. आमच्या सगळ्या चेकलिस्टमध्ये हा रकानाच नव्हता, कारण ती चेकलिस्ट बनवताना पेशंट म्हणून डोळ्यांसमोर एक पुरुष होता.

सहाव्या दिवशी घरी. पुढच्या औषधात दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन निवडलं, लिव्हरच्या टेस्ट बघून आणि अंगावरचं दूध तुटलेलं होतं म्हणून. अकॅम्प्रोसेट या अशाच दुसऱ्या औषधाचाही विचार झाला पण ते दिवसातून तीनदा घ्यायचं, आणि डॉक्टर म्हणाले, रांगत्या बाळाची आई तीनदा आठवणीने जेवली तरी खूप झालं. दिवसातून एक गोळी, दात घासल्यावर, म्हणजे जिथे पूर्वी उतारा होता तिथेच. ही जागा तिनेच सुचवली. बाळंतपणानंतरच्या उदासीचं बघायला मुद्दाम तीन-चार आठवडे थांबलो, कारण दारूनेही माणूस उदास होतो आणि बऱ्याच जणांचं ते दारू थांबल्यावर आपोआप हलकं होतं. तिचं झालं नाही. मग त्याचे वेगळे उपचार सुरू केले, आणि मला वाटतं खरी गाठ तिथेच होती, ती १४ महिन्यांपूर्वी कुणी बघितली असती तर मी या बाईला कधी भेटलेच नसते.

फॉलोअपची वेळ दुपारी ४ केली, एक भेट समोर, एक फोनवर. खोलीच्या कोपऱ्यात खेळण्यांची टोपली आली. ग्रुपमध्ये ती धाकट्याला घेऊन बसायची, पहिल्या दिवशी दोघांनी कुरकुर केली, तिसऱ्या आठवड्यात तो त्यातल्याच एका आजोबांच्या मांडीवर झोपला होता. मोठीला मात्र ग्रुपमध्ये बसू दिलं नाही, तिला सगळं कळतं.

मोठीबद्दल थोडं. आम्हाला वाटलं आई बरी झाली की ती खुलेल. उलट झालं. दुसऱ्या महिन्यात ती उर्मट बोलायला लागली, गृहपाठ करेना, धाकट्याला चिमटे काढू लागली, आणि औषधाचा ड्रॉपर आईने हातात घेतला की हिसकावून घ्यायची. आई रडत आली, म्हणाली पीत होते तेव्हा किती गुणी होती. मी तिला सांगितलं, आता चिडायची भीती वाटत नाही तिला, म्हणून चिडतेय. वर्षभर ती घरातली दुसरी आई होती, कधी कधी पहिलीच, आणि एका दिवसात तिला कुणीतरी म्हणालं, आता तू खेळायला जा. आमच्याकडच्या मुलांच्या समुपदेशकाने तिला बऱ्याच भेटींत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली, हे तुझ्यामुळे झालं नाही, तुला ते थांबवता आलं नसतं, आणि आईला बरं करणं तुझं काम नाही. शेवटचं तिला अजिबात आवडलं नाही. मावशी, मग मी काय करू, म्हणाली.

पाचव्या महिन्यात स्लिप झाली. नवरा बाहेर, धाकट्याला जुलाब, सलग दोन रात्री झोप नाही, आणि तिने घेतली. पण स्लिपचा कागद आम्ही आधीच लिहून ठेवला होता, फ्रिजवर चिकटवलेला, की घेतली तर मुलं काकूंकडे, मला फोन, आणि लाज नंतर. तिने पहिल्या ग्लासनंतर नाही, तिसऱ्यानंतर फोन केला, पण त्याच संध्याकाळी केला, आणि तोपर्यंत मुलं काकूंकडे पोचलेली होती. नवऱ्याच्या मते सगळं फुकट गेलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, स्लिप, एक दिवस, पेशंटने स्वतः कळवलं, मुलं सुरक्षित. नाल्ट्रेक्सोन चालू ठेवलं, आठवडाभर रोज फोन.

आता नववा महिना. धाकटा आता घरभर पळतो आणि इथे आला की माझ्या टेबलाचे ड्रॉवर उघडतो. मोठीचं गृहपाठाचं बरं चाललंय, गणितात अजून रडते. एक सवय तिची गेलेली नाही, आईने चहाचा मग खाली ठेवला की जाता जाता ती तो उचलून हुंगते आणि परत ठेवते, माझ्यासमोरच केलं तिने परवा. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, हुंगू दे मॅडम, मीच आधी तिच्या पुढे करते आता.